सीट मागेच राहू दे

गाडीत ह्यांच्याशी बोलायचं तर मला मान मागे वळवावी लागे. हे चांगलेच उंच. पाय मावावेत म्हणून ड्रायव्हरची सीट अगदी शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली असे. माझी पुढे, कारण माझ्यामागे जेवणाचा डबा, पाण्याचा जग आणि फायलींची पेटी. हे वकील होते. दारव्हा, घाटंजी, मारेगाव, जिथं तारीख असे तिथं पुष्कळदा मीही जाई. वाटेत शेतं दिसली, माणूस दिसला, की उजव्या खांद्यावरून मागे बघायचं आणि सांगायचं. इतकी वर्षं मी तसंच बोलत आले.

हे गेले, गाडी राहिली. मुलगा सलील पुण्यात नोकरीला. सून गौरी इथं यवतमाळला बँकेत, माझ्याजवळ. गाडी आता तीच चालवते. पहिल्यांदा बसली तेव्हा सीट पुढे घ्यायला वाकली, आणि मी पटकन म्हणाले, "सीट नको गं हलवू. मागेच राहू दे."

गौरी चणीनं लहानशी. घरात गेली, आमच्या शेतातल्या कापसाची एक फुगीर उशी घेऊन आली, पाठीशी ठेवली आणि गाडी सुरू केली.

काही महिने बरे गेले. मग पावसाळा सरता सरता गाडीनं कुरकुर सुरू केली. दुसरा गिअर टाकताना करकर आवाज येई. रिव्हर्स तर पडतच नसे. घाटंजीच्या रस्त्यावरच्या चढावर पिकअप मिळेना, कापूस भरलेला ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न देत पुढे निघून जाई. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला. फरक नाही. सलील फोनवर म्हणाला, "आई, गिअरबॉक्स गेला असेल तर आता नाद सोड. भंगारात देऊन टाकू."

त्या रात्री मी जेवले नाही. पोट ठीक नाही, असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दारव्हा रोडवर धरमसिंगच्या गॅरेजला गेलो. ह्यांची गाडी पहिल्यापासून तोच बघायचा. तोही ह्यांच्यासारखाच उंच. उशी मागच्या सीटवर फेकून तो स्टिअरिंगवर बसला, मला शेजारी घेतलं, गौरी मागे. लांब चक्कर मारून आला. गिअर एकामागून एक अलगद पडले. चढावर गाडी सुसाट निघाली.

"लोण्यावानी पडून राह्यले ना गिअर, ताई!" तो गौरीला म्हणाला. "काहून आणली गाडी?"

"म्हणजे मी काय खोटं सांगते का?"

"तसं नाही जी. तुम्ही चालवून दाखवा, मी मागं बसतो."

गौरीनं उशी पाठीशी घेतली. दुसरा गिअर टाकला आणि करकर सुरू.

"तुमच्यावरच रुसली वाटते ही," धरमसिंग हसला. मग कान देऊन ऐकू लागला. "क्लच प्लेट असन. खोलून पाहा लागन, माय. गिअरबॉक्सपण उतरवा लागन."

"मग राहू द्या," गौरी थकून म्हणाली. "सलीलला सांगते, देऊन टाकू."

मी तिच्याकडे बघत होते. क्लच दाबायला ती मागे रेटायची, तशी उशी दबून तिची पाठ मागे जायची. पाय शेवटपर्यंत पोचतच नव्हता. ॲक्सिलरेटरला तर नुसती बोटं टेकत होती. आणि ती उशी! कापूस बसून पार पापड झाली होती. पिंजाऱ्याकडे कधीच द्यायला हवी होती. उशी जसजशी बसत गेली, तसतशी गाडी बिघडत गेली.

मला कळलं. बोलले तर ती सीट पुढे येणार होती. ह्यांच्या पायांची जागा नाहीशी होणार होती. नाही बोलले तर गाडीच जाणार होती.

"धरमसिंग," मी म्हणाले, "गाडी नको खोलू. तिचा पाय पुरून नाही राह्यला. सीट पुढं घे."

त्यानं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. गौरी माझ्याकडे बघत राहिली. "आई, नक्की?"

"घे म्हटलं ना."

खाच गंजून बसली होती. धरमसिंगनं तेल सोडलं, गौरीनं धक्का दिला. खट्! सीट पुढे आली. मागे गाडीच्या तळावर तिच्या रुळांचे दोन काळे पट्टे तेवढे उघडे पडले.

परतताना गिअर विनातक्रार पडत होते. उशी मी मांडीवर घेतली होती. रस्त्याच्या कडेला तूर पिवळीधमक फुलली होती.

"तूर फुलली, बघा," मी म्हणाले. उजव्या खांद्यावरून, मागे वळून. तिथं खिडकीची काच होती आणि काचेपलीकडे पळणारी शेतं.

"बघितली, आई," गौरी माझ्या अगदी शेजारून म्हणाली, आणि तिनं गाडी जरा हळू केली.