विल्फचा थर्मोस्टॅट

माझा नवरा विल्फ वसंतात गेला आणि नोव्हेंबरात कळलं की घराची हीटिंगही गेली. "रविवारपर्यंत घर गरम झालं नाही तर तुला माझ्याकडे डॉनकास्टरला घेऊन येणार, कायमची," माझ्या लेकीनं, गेलनं, फोनवर बजावलं. जावयाचं गोल्फपुराण जन्मभर ऐकण्यापेक्षा मी इथेच गोठून मेलेली बरी.

शेजारच्या नोरीनला बोलावलं. ती बस डेपोत इलेक्ट्रिशियन होती. तिनं बॉयलर तपासला, ठणठणीत. मग मेन स्विच बंद करून हॉलमधल्या थर्मोस्टॅटचं झाकण काढलं आणि मटकन खुर्चीत बसली.

"मेव्हिस, तू ही चकती फिरवतेस?"

"बसवल्यापासून. वीसवर नेली की थोड्या वेळानं घर तापतं."

"यामागे एकही वायर नाही, बाई. नुसता स्क्रूनं भिंतीवर बसवलाय."

बॉयलरजवळच्या जोडणीच्या डब्यातून एक वायर वर जात होती. तिच्या मागावर आम्ही जिना चढलो. ती निघाली विल्फच्या कपाटात, कोटांमागे. तिथे खरा थर्मोस्टॅट होता, चौदावर. विल्फ गेल्यावर फिरवणार कोण?

मी खाली चकती फिरवली की हा "जरा जाऊन येतो" म्हणत वर जायचा. मला वाटायचं, बिचाऱ्याला लघवीचा त्रास आहे. डॉक्टरकडेही पाठवला होता. गेलाही मुकाट्यानं.

"कवडीचुंबक! वर जाऊन मोजूनमापून ऊब सोडायचा," नोरीन म्हणाली.

"गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत," मी म्हटलं, आणि मग मीच पोटभर ठेवली. नोरीननं मेन स्विच चालू केला, मी कपाटातली चकती बावीसवर नेली. खाली बॉयलर धडधडला.

रविवारी गेल आली. भिंतीवरच्या गरम रेडिएटरला हात लावला आणि तिचा चेहराच पडला. मला काही न विचारता ती सरळ वर गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग हँगर सरकल्याचा.

ती खाली आली तेव्हा मी ग्रेव्ही ढवळत होते. "म्हणजे तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"शाळेत असल्यापासून. बाबांनी शपथ घातली होती."

"आणि मला गारठवत ठेवलंस?"

ती टेबलावरचे काटे-चमचे उगाच सरळ करत राहिली. "नुसतं ये म्हटलं असतं, तर आली असतीस?"

"नसते आले."

"मग? मला तुझी काळजी वाटते, आई."

अगदी बापाची लेक. मला इतका राग आला की रडूच फुटलं. डोळे पुसून तिच्या ताटात यॉर्कशायर पुडिंग वाढलं.

"ख्रिसमसला येईन," मी म्हटलं. "पण परत आणून सोडायचं तूच."