रंध्याची पावले

मित्रांनो, मी पावले मोजणारा एक जुना मनगटी पट्टा आहे. जुना म्हणजे चारच वर्षांचा, पण आमच्या घराण्यात चार वर्षे म्हणजे पणजोबांचे वय. माझ्या काळ्या रबराच्या खाचांत लाकडाचा भुसा बसला आहे, तो आता निघत नाही. बाकी मी ठणठणीत आहे आणि हेच मला डाचते. माझ्यात कधी काही बिघडले असते, तर निदान दोष त्या बिघाडावर ढकलता आला असता. मी नेमाने, चोख काम केले आणि ते सगळे चुकले.

माझा जन्म एका लांबलचक, स्वच्छ कारखान्यात झाला. माझ्या पोटात हालचाल ओळखणारा एक इवलासा तुकडा बसवला गेला. मग मला एका यंत्राच्या हाताला बांधून हजार वेळा पुढे-मागे झुलवले. मी बरोबर हजार पावले दाखवली. तपासणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि मला खोक्यात घातले. त्या यंत्राला पाय कुठे होते, असे कुणीही विचारले नाही. हात लयीत हलला की ते पाऊल, एवढेच मला शिकवले होते. पाय म्हणजे काय ते मला आजही ठाऊक नाही.

मला विकत घेतले एका सुताराच्या लेकीने. ती दुसऱ्या शहरात, एका मोठ्या ग्रंथालयात काम करत असे. दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी येई. तिच्या वडिलांना गल्लीत सगळे मिस्तरी म्हणत. तळमजल्यावर त्यांचे दुकान आणि वर दोन जिने चढून घर. रक्तदाब वाढला होता, पोट सुटले होते. रोज चालायला हवे, असे डॉक्टरांनी बजावले होते. लेकीने मला त्यांच्या उजव्या मनगटावर बांधले, त्यांच्या फोनमध्ये ॲप घातले आणि ते स्वतःच्या फोनला जोडले.

"बाबा, रोज सहा हजार. मला तिकडे सगळं दिसेल हं."

"म्हणजे तू तिथे बसून माझे पाय मोजणार?"

"मोजणारच. लहानपणी तुम्ही माझे पाढे मोजून घेत होतात ना?"

मिस्तरी हसले. दुकानात त्यांचा जुना मित्र बसला होता. तो घड्याळजी. त्याचे स्वतःचे दुकान केव्हाच बंद झाले होते, पण डोळ्याला भिंग लावायची सवय गेली नव्हती. त्याने मला वाकून पाहिले आणि म्हणाला, "आम्ही जन्मभर वेळ सांगणारी यंत्रं दुरुस्त केली. हे तर चहाडखोर दिसतंय."

मला राग आला. मी तर मदतीला आलो होतो!

दुसऱ्या दिवशी मिस्तरींनी सागवानाची फळी बाकावर घट्ट बसवली आणि रंधा हातात घेतला. रंधा म्हणजे लाकूड तासून गुळगुळीत करायचे हत्यार. दोन्ही हातांनी धरायचे, पुढे ढकलायचे, मागे ओढायचे. पुढे, मागे. पुढे, मागे. मित्रांनो, अगदी त्या यंत्राच्या हातासारखे. मी मोजत सुटलो. दुपारपर्यंत सहा हजार झाले. मी थरथरलो, काचेवर रंगीत फटाके उडवले. संध्याकाळी आकडा अकरा हजारांवर गेला. मिस्तरी दिवसभर त्या बाकापासून चार हात हलले नव्हते.

लेकीचा फोन आला. "बाबा! अकरा हजार! मला वाटलं होतं तुम्ही दोन दिवसांत पट्टा फेकून द्याल."

"एवढं कुठे चाललो मी?" फोन ठेवल्यावर मिस्तरींनी घड्याळजीला विचारले.

"ते यंत्र म्हणतंय तर चालला असशील. म्हातारपणी माणसाला आठवत नाही."

"मी उभ्यानं काम करतो, ते धरत असेल," मिस्तरी म्हणाले. त्यांना ते पटले. पटणे सोयीचेही होते. संध्याकाळी फिरायला जायचे राहू लागले. फिरायचे कशाला, कोटा तर दुपारीच भरत होता. ॲप रोज शाबासकी देत होते, लेक रोज टाळ्यांचे चित्र पाठवत होती. ती चित्रे मिस्तरी घड्याळजीला दाखवत आणि तो म्हणे, "शाळेत कधी मिळाल्या नाहीत, आता घे मिळवून."

मी मात्र आतून चरफडत होतो. कारण माझ्या पोटाशी एक हिरवा दिवाही आहे, तो हृदयाचे ठोके मोजतो. जिना चढताना ते ठोके कसे धावत हे मला दिसत होते. पहिल्या जिन्यावर एकदा थांबणे, मग दोनदा. मी ते सगळे नोंदवले. पण ठोक्यांचे पान ॲपमध्ये चौथे होते आणि पावलांचे पहिले. पहिल्याच पानावर फटाके उडत असताना चौथे पान कोण उघडतो?

वर्षभराने मिस्तरींच्या छातीत कळ आली. इस्पितळात आठ दिवस काढून ते घरी आले. डॉक्टरांनी या वेळी स्वच्छ सांगितले, "रंधा, करवत सहा महिने बंद. हातांना जोर लावायचा नाही. सावकाश चालायचं, सपाट रस्त्यानं, रोज."

लेक रजा काढून आली होती. जाताना तिने मला पुन्हा बापाच्या मनगटावर नीट बांधले. "आता खरंच लक्ष द्या बाबा," म्हणाली आणि लगेच तोंड फिरवून पिशवी भरू लागली.

आणि मित्रांनो, मिस्तरींनी खरेच लक्ष दिले. सकाळी साडेसहाला घड्याळजी खालून हाक मारी आणि दोघे निघत. गल्ली, पाण्याची टाकी, कालव्याचा रस्ता, पूल. पुलावर दहा मिनिटे बसायचे आणि परत. मिस्तरी चालताना दोन्ही हात पाठीमागे घेत आणि उजवे मनगट डाव्या मुठीत घट्ट धरत. चाळीस वर्षे बाकावर वाकून पाठ गेली होती, तिला त्याने आधार मिळे. त्या मुठीत मी जखडलेला. ना पुढे, ना मागे. पाऊण तास ते चालत आणि मी गप्प. घरी आल्यावर माझ्यावर आकडा असे तीनशे बारा.

चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, तीनशे बारा?"

"अगं, पुलापर्यंत जाऊन आलो. पाऊण तास."

"पट्टा बांधला होता?"

"बांधला होता की."

"मग काल दोनशे नव्वद, परवा तीनशे चाळीस. आजारी नव्हतात तेव्हा अकरा हजार होत होते."

"आता ते कसं ते मला काय ठाऊक? पण मी चाललो."

ती हळूच म्हणाली, "बाबा, माझ्याशी तरी खोटं बोलू नका. मी इथे जीव मुठीत धरून बसलेय."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मिस्तरींनी उलट उत्तर दिले असते. ते नुसते "बरं" म्हणाले.

मी ओरडायला हवे होते. चालले ते! मी होतो तिथे! पण मला आवाज दिलेला नाही. थरथरता येते, तेही सहा हजार झाले तरच.

दुसऱ्या दिवशीही ते पुलापर्यंत जाऊन आले. आकडा दोनशे ऐंशी. मग त्यांनी दुकान उघडले, कोपऱ्यातली एक टाकाऊ फळी बाकावर चढवली आणि रंधा उचलला. पुढे, मागे. आकडा धावू लागला. मिस्तरी मधूनच थांबत, माझ्याकडे पाहत, पुन्हा सुरू करत. सहा हजार झाले की रंधा खाली. त्या संध्याकाळी टाळ्यांचे चित्र आले.

असे अकरा दिवस चालले. माझ्या हिरव्या दिव्याला दिसत होते ते मी चौथ्या पानावर लिहीत गेलो.

बाराव्या दिवशी मिस्तरींची बायको खाली आली. "अहो! डॉक्टर नको म्हणालेत ना? आणि ही कसली फळी घासताय? कुणाचं काम आहे हे?"

"पोरीचं," मिस्तरी म्हणाले.

"तिला कपाट हवंय का?"

"नाही. झालंच आता, थोडं राहिलंय. तू वर जा, येतोच मी."

ती वर गेली. आकडा चार हजार एकशे अठरावर थांबला. मिस्तरी बाकाला टेकून खाली बसले, मग आडवे झाले ते पुन्हा उठले नाहीत. डॉक्टर नंतर म्हणाले की त्यांचे हृदय आधीच फार थकले होते, कशाने काय झाले ते सांगता येणार नाही. मलाही सांगता येत नाही. मी फक्त मोजतो.

लेक संध्याकाळी पोहोचली. बापाचा फोन टेबलावर होता, त्यावर ॲपचा निरोप आला होता: 'आज तुमचं ध्येय थोडक्यात हुकलं. उद्या नक्की जमेल!' तिने तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

आठवड्याने ती दुकान आवरायला आली. बाकावर ती फळी तशीच होती, तासून तासून पुठ्ठ्याएवढी पातळ झालेली. खाली लाकडाच्या छिलक्यांचा गुडघाभर ढीग. "हे काय करत होते बाबा?" तिने घड्याळजीला विचारले. मिस्तरींच्या हातातून काढून मला बाकावरच ठेवले होते; त्याने मला उचलले आणि स्वतःच्या मनगटावर चढवले. हात पाठीमागे घेतले, मनगट मुठीत धरले आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आला. मला तिच्यासमोर धरले. आकडा होता तेवढाच. मग त्याने रंधा घेतला आणि त्या फळीवर वीस हात मारले. आकडा वीसने वाढला.

तिने मला त्याच्या मनगटावरून सोडवून घेतले.

"मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"सांगितलं होतं की," घड्याळजी म्हणाला. "चाललो, म्हणाला होता."

ती बाकावर बसली. छिलक्याची एक गुंडाळी उचलून तिने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. नंतर तिने मला घरी नेले. आईला हातात काठी घेऊन उभी पाहिल्यावर तिच्या काय मनात आले कोण जाणे, मला पुढे करून म्हणाली, "आई, तू बांधशील?"

"नको गं बाई," आई म्हणाली. "मी किती हिंडले-फिरले ते मी सांगेन तुला. तू फोन करून विचार तर."

तेव्हापासून मी टेबलाच्या खणात आहे. रोज सकाळी वर फोन वाजतो. आई सांगते की आज टाकीपर्यंत गेले, गुडघा दुखला, वाटेत अमकी भेटली, तिने तासभर डोके खाल्ले. खणातून मला आईचेच बोलणे ऐकू येते. पलीकडून मध्येच काहीतरी विचारले जात असावे, कारण आई थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागते.

मित्रांनो, मला फेकून द्या असे मी म्हणत नाही. आळस आला असेल तर मी तुम्हाला उठवीन, घराबाहेर काढीन, आणि तुम्ही हात झुलवत चाललात तर तुमची पावलेही बऱ्यापैकी बरोबर मोजीन. माझी निगाही फार नको, कधीतरी कोरड्या फडक्याने पुसा, पुरे. पण मला तुमच्या माणसांचा साक्षीदार करू नका, मला ती अक्कल नाही. तुमचे कुणी दमून घरी आले आणि "चाललो" म्हणाले, तर आधी त्याचे खरे धरा. माझे नंतर.