निळ्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ

सोपानरावांनी बत्तीस वर्षे भूकरमापकाची नोकरी केली, आणि त्या बत्तीस वर्षांत त्यांच्या एकाही मोजणीवर कुणाला बोट ठेवता आले नाही. भाऊबंदकीत एकमेकांचे डोके फोडायला निघालेली माणसे त्यांची फीत जमिनीवर पडली की गप्प होत. हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी एक नियम घालून देत: कोणताही बिंदू कागदावर घ्यायचा असेल, तर जवळपासच्या तीन न हलणाऱ्या खुणांपासून त्याची अंतरे आधी फितीने घ्यायची. विहिरीचा काठ, हद्दीचा दगड, देवळाचा कोपरा, जे असेल ते. उद्या त्यांतली एखादी खूण कुणी उपटून टाकली, तरी उरलेल्या दोहोंवरून बिंदू पुन्हा सापडतो. हा नियम त्यांनी स्वतः आयुष्यात एकदाच मोडला, आणि तो नेमका त्या दिवशी, ज्या दिवशी मोजणीसाठी अर्ज कुणाचाच नव्हता.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची मुलगी यशोधरा पहिल्या बाळंतपणासाठी मिरजगावच्या सासरहून माहेरी आली होती. मुलगी झाली, नऊ दिवस जगली, आणि दहाव्या दिवशी पहाटे गेली. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत. सुप्याच्या पुढे, गावाबाहेरच्या आपल्या चार एकर माळावर सोपानरावांनी स्वतः खड्डा खणला. ओल्या बाळंतिणीने तिथे जायचे नसते, म्हणून यशोधरा घरीच राहिली. गाठोडे मांडीवर घेऊन जीपमध्ये बसल्या त्या चांगुणाबाई, सोपानरावांच्या पत्नी. माती लोटली, वर दगड रचले, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून बाभळीच्या काट्या टाकल्या. मग सोपानरावांनी पिशवीतली फीत काढली, तिचे टोक चांगुणाबाईंच्या हातात दिले, आणि त्यांच्या लक्षात आले की त्या हातात टोक राहत नाही. ते सारखे गळून पडत होते. त्यांनी फीत गुंडाळली. खिशात महिन्याभरापूर्वी घेतलेला मोबाईल होता. त्यात नकाशा होता, आणि नकाशावर एक निळा ठिपका. त्यांनी अक्षांश-रेखांश दैनंदिनीत उतरवून घेतले, दशांशचिन्हापुढे सहा अंकांपर्यंत. सहाव्या अंकाची किंमत जमिनीवर अर्धी वीतसुद्धा भरत नाही, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या अर्ध्या वितीवर त्यांनी विश्वास ठेवला. निळ्या ठिपक्याभोवती एक फिकट वर्तुळ होते. ते पुष्कळ मोठे होते. त्याच्याकडे त्यांनी पाहिले नाही.

त्याच उन्हाळ्यात माळावर पाणलोटाचे काम निघाले, आणि मोकळे दिसतील तेवढे दगड वेचून मजुरांनी बांधाला लावले. काट्या वाऱ्याने गेल्या. वर्ष भरले तेव्हा तिघे माळावर आले, तर जमीन सगळीकडे सारखी. सोपानराव मोबाईल हातात धरून चालत राहिले, ठिपका आकड्यावर आला तिथे थांबले, आणि सोबत आणलेला चुना फासलेला दगड त्यांनी तिथे रोवला.

"हितं न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्या बोरीकडं हुतं. बोरीचा काटा माझ्या पदराला लागला हुता त्या दिवशी."

"तुझ्या पदरावरून मोजणी करायची का आता?"

"मोजनी नका करू. मी सांगते ते ऐका."

"चांगुणा, हे आकाशातल्या उपग्रहांवरून येतं. त्यांना काय तुझ्या-माझ्याशी वैर आहे?"

"वैर नसंल. पर त्ये हुते का हितं त्या दिवशी? मी हुते."

यशोधरेने आईकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले, आणि दगडापाशी गुडघे टेकले. तिने ती जागा कधी पाहिलीच नव्हती. मोजणाऱ्या बापाचे तिला खरे वाटले. वाद तिथे संपला. चांगुणाबाईंनी तो पुन्हा काढला नाही.

त्यानंतर दरवर्षी फाल्गुनात ते येत. दगडापाशी मेणबत्ती लावत, यशोधरा त्रिसरण म्हणे, सोपानराव हात जोडून उभे राहत. चांगुणाबाई मात्र दहा-बारा पावलांवर, त्या खुरट्या बोरीखाली जाऊन बसत. आधी चपला काढून बाजूला ठेवत, मग बसत.

"सगळे इथं आणि तू तिकडं," सोपानराव एकदा चिडून ओरडले होते. "तिकडं काय पुरलंय?"

"सावली हाय हितं, मोजनीसाहेब," त्या म्हणाल्या होत्या. "माझं डोकं तापतंय."

गेल्या आषाढात चांगुणाबाई वारल्या. घराच्या परसात त्यांची रक्षा मातीत मिसळून तिच्यावर लिंबाचे रोप लावले. आणि या फाल्गुनात बातमी आली की औद्योगिक वसाहतीच्या विस्तारात गेलेला तो माळ सोमवारपासून सपाट होणार. रविवारी सकाळी यशोधरा आली. आता ती सुप्यातच राहत होती. तिथल्या एका कारखान्यात तयार भागांची मापे तपासण्याचे काम करीत होती, केसाच्या जाडीचा फरकसुद्धा पकडणारे. तिच्या हातात स्टीलचा डबा होता.

"आबा, तिच्यावरची मूठभर माती आणू. लिंबाच्या आळ्यात घालू. आईपाशी राहील."

माळाच्या कडेला पिवळे यंत्र येऊन उभे होते. चालक कुठे दिसत नव्हता. दोघे चुन्याच्या दगडाकडे निघाले. यशोधरेने सहज, मनात काही न धरता, आपल्या नव्या मोबाईलमध्ये वडिलांच्या दैनंदिनीतले ते आकडे घातले.

"हा मोबाईल लई नेमका आहे," ती म्हणाली. "एकाच उपग्रहाचे दोन वेगवेगळे संदेश ऐकतो आणि ताडून बघतो. आपल्या देशाचे उपग्रहसुद्धा धरतो. उघड्या माळावर मीटरभर इकडं-तिकडं, त्याहून जास्त नाही."

दगड आला. यशोधरा थांबली नाही. ती मोबाईलकडे पाहत दगडावरून पुढे गेली, उताराच्या बाजूला, आणि आठ-नऊ पावलांवर मोकळ्या कुसळात उभी राहिली.

"आबा, हा तर इथं दाखवतोय."

सोपानराव जागच्या जागी उभे राहिले. बत्तीस वर्षांचा अनुभव माणसाला क्वचित इतक्या थोड्या वेळात हिशेब करून देतो.

"म्हणजे आपण बारा वर्षं चुकीच्या जागी मेणबत्ती लावली?" यशोधरेचा आवाज चढला. "ती इथं आहे?"

"नाही, यशू."

"नाही म्हणजे? आकडा तुमचाच. मोबाईल नवा. मग?"

"तुझा मोबाईल बरोबर बोलतोय. तो त्या आकड्यावर नेमका येऊन उभा राहिलाय." सोपानराव एकेक शब्द जपून बोलत होते, पंचांसमोर जबाब द्यावा तसे. "पण आकडा त्या दिवशीचा आहे. त्या दिवशीच्या यंत्रानं घेतलेला, तेही मी खिशातून काढल्या काढल्या. त्याला आकाशातलं काही नीट ऐकूसुद्धा आलं नसेल. त्याची चूक त्या आकड्यात कायमची बसली. मग वर्षानं त्याच यंत्रानं मी दगड लावला, तेव्हा दुसरी चूक झाली. यंत्र आज कितीही सुधारलं, तरी ते मागं जाऊन तो आकडा सुधारू शकत नाही. कार्यालयातलं बोटाएवढं चुकणारं यंत्र आणलं, तर तेही तुला बोटाएवढ्या अचूकपणे याच चुकीच्या जागी उभं करील."

"मग ती कुठं आहे?"

"त्या आकड्याभोवती वीस-बावीस पावलांच्या वर्तुळात."

यशोधरेने डब्याचे झाकण उघडले, पुन्हा लावले. तिच्या कारखान्यात असा भाग कुणी तपासून पुढे पाठवला असता, तर तिने त्याला दारात उभे केले नसते.

"तुम्ही फीत नेली होती ना? आई सांगायची."

"नेली होती."

"तीन खुणा. माझ्याकडून लहानपणी कवायतीसारखा पाठ करून घेतलाय तुम्ही हा नियम. विहीर तिथं आहे. हद्दीचा दगड तिथं. विजेचा खांब तिथं. तीन आकडे, आबा! नऊ दिवसांच्या पोरीसाठी तीन आकडे घेता आले नाहीत?"

फितीचे टोक कुणाच्या हातात राहत नव्हते, हे सोपानराव आता कुणाच्या माथी मारणार? दगडाने दाबून ठेवता आले असते. दगड तर हातापाशीच होते.

ते खाली बसले आणि चुन्याचा दगड दोन्ही हातांनी हलवू लागले. तो निघाला. घरून आणलेल्या खुरप्याने त्यांनी खालची माती बाजूला केली. चार बोटांवर मुरूम लागला. पांढरट, थरावर थर बसलेला, अखंड. जिथे एकदा कुदळ पडते तिथे ते थर पुन्हा कधी जुळत नाहीत. खोट्या हद्दी उघड करताना त्यांनी कितीदा कोर्टात हेच सांगितले होते. या जागेला कुणी कधी कुदळ लावलेली नव्हती. बारा मेणबत्त्यांचे मेण मात्र मातीत मुरलेले होते.

यशोधरेने वाकून पाहिले. तिला समजावून सांगावे लागले नाही.

"तुझ्या आईनं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं," सोपानराव म्हणाले. "तुझ्यासमोर."

"मी तुमचं खरं धरलं."

"हो."

मग यशोधरा वळली आणि बोरीकडे चालू लागली. बोरीपाशी पोचण्याआधी तिने चपला काढल्या, आणि काढल्यावर तिच्या लक्षात आले की आपण काय केले. ती तिथेच उभी राहून रडू लागली. आई दरवर्षी चपला का काढते, हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला एकदाही पडला नव्हता.

सोपानराव खुरपे घेऊन आले. "बघू या का? चार बोटं उकरलं तर लगेच कळेल, कुदळ लागलीय की नाही."

"नको."

"खात्री होईल."

"आईनं सांगितलंय, आबा. तेवढं पुरे." तिने हातानेच वरवरची माती डब्यात भरली. मग डोळे पुसून मोबाईल हातात घेतला. "हा आकडा घेते. उद्यापासून एवढंच राहणार."

विहीर बुजणार होती, खांब हलणार होता, हद्दीचा दगड त्या पिवळ्या यंत्राच्या एका फटक्यात जाणार होता. तीन खुणांचा नियम या माळावर उद्या निरुपयोगी ठरणार होता, आणि ज्या यंत्राने त्यांना फसवले त्याच जातीच्या यंत्रावर सगळे सोपवावे लागणार होते. तरी सोपानरावांनी फीत काढली. यशोधरेने टोक धरले. त्यांनी तिन्ही अंतरे घेतली, दैनंदिनीत जुन्या नोंदीखाली लिहिली, आणि पंचांची नावे लिहितात त्या ठिकाणी चांगुणाबाईंचे नाव घातले.

"आता घेऊ?" यशोधरेने मोबाईल जमिनीवर टेकवत विचारले.

"थांब. ते वर्तुळ बघ. आवळू दे त्याला."

"झालं की."

"अजून थोडं."

ती थांबली. निळ्या ठिपक्याभोवतीचे वर्तुळ हळूहळू लहान होत होते. सोपानराव चपला काढून बोरीखाली बसले, जिथे बायको बसायची तिथे, तशीच मांडी घालून. माध्यान्हीचे ऊन सरळ डोक्यावर आले. त्यांनी वर पाहिले. चार वाळक्या फांद्या होत्या, पाने विरळ आणि नखाएवढी, आणि त्यांच्यामधून सगळे आकाश मोकळे दिसत होते. बोरीला सावली नव्हतीच.