ताराईविनीचा साबण आणि घट्ट झाकणाचा डबा

मी एक जुने जाळीचे कपाट आहे. मित्रांनो, जवळ या, पण दाराला हात लावू नका. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही.

माझा स्वभाव संशयी आहे आणि तो कामामुळे झाला आहे. तावेउनी बेटावरच्या आमच्या गावात वीज नव्हती तेव्हा सेवानाइया नावाच्या कोळ्याने मला वेसी नावाच्या झाडाच्या टणक लाकडाचे बनवले. चारी बाजूंनी बारीक जाळी ठोकली आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याचे डबे ठेवले. उकडलेला कसाव्याचा कंद आणि भाजलेला मासा माझ्या पोटात असे, मांजर बाहेर. ते डोळे मिटून पडले की मी जास्तच सावध होई. पुढे फ्रिज आला आणि मला मागच्या पडवीत ढकलले गेले. मग माझ्यात फक्त रिकाम्या बाटल्या राहिल्या. त्यांच्यावरही माझी नजर असे.

सेवानाइया म्हातारा होऊन अंथरुणाला खिळला. त्याची कातडी इतकी पातळ झाली की दुकानच्या साबणाने पाठ लाल होऊन चिरा पडत. म्हणून त्याची सून ताराईविनी घरच्या खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचे पाणी घोटून, न उकळता साबण करू लागली. त्याच्या वड्या कापून तिने माझ्या फळ्यांवर सुट्या सुट्या मांडल्या. असा साबण महिना-दीड महिना वाऱ्यावर वाळावा लागतो, तेव्हा कुठे तो अंगाला सौम्य लागतो. मला पुन्हा काम मिळाले. खरे सांगते, मला फार आनंद झाला.

पण पडवीत ये-जा वाढली. सगळ्यांत जास्त येई ती शेजारची उनाइसी, ताराईविनीची चुलत नणंद.

"वहिनी, केरेकेरे, चार वड्या दे."

"अगं, कच्च्या आहेत. झोंबतील."

"झोंबू देत. तुझी जीभ सोसते मी, साबणाचं काय."

आमच्याकडे नात्यातल्या माणसाने डोळ्यांसमोरची वस्तू 'केरेकेरे' म्हणून मागितली की नाही म्हणता येत नाही. ताराईविनी हसून देई आणि उनाइसीची पाठ वळली की ओठ आवळी. मी तर उनाइसीला तेव्हाच ओळखले. इतका साबण एका घरात लागतो कशाला?

शेवटी ताराईविनीने युक्ती केली. जे दिसत नाही ते कोणी मागत नाही. नव्या वड्या तिने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या, झाकण घट्ट दाबले आणि डबा सासऱ्याच्या खाटेखाली सारला. मी पुन्हा रिकामे झाले. इतके घट्ट तोंड मिटून बसणाऱ्यावर माझा कधीच विश्वास नव्हता.

उनाइसी माझ्या फळ्यांकडे पाहून म्हणाली, "साबण करायचं सोडलंस की काय?"

"तेल मिळत नाही."

"अंगणात नारळांचा खच पडलाय आणि तेल मिळत नाही होय?"

ताराईविनीने हातातली टोपली उगाच पाठीमागे घेतली. उनाइसी टोपलीकडे पाहत निघून गेली.

वाळलेला साबण संपला. दोन दिवस दुकानचा वापरला आणि म्हाताऱ्याची पाठ चिरली. तो कण्हत म्हणाला, "सूनबाई, खाटेखाली काहीतरी मेलंय बघ. मी अजून आहे, त्यामुळे तो वास माझा नव्हे."

ताराईविनीने डबा उघडला. आतल्या वड्यांना घाम सुटला होता. त्या ओलीने पत्रा गंजला होता, वड्यांवर नारिंगी डाग पडले होते आणि खवट भपकारा येत होता. नवा साबण केला तरी वाळायला महिना हवा. म्हाताऱ्याची पाठ तर आजच चिरलेली होती. ती डबा मांडीवर घेऊन माझ्याशेजारी बसली आणि रडू लागली.

रडणे ऐकून उनाइसी आली. तिने डब्यात पाहिले, नाक मुरडले आणि घरी गेली. आता ही गावभर सांगणार, असे मी धरून चालले. ती परत आली तेव्हा तिच्या हातात काठोकाठ भरलेली टोपली होती. आत पांढऱ्या, टणक, खडखडीत वाळलेल्या वड्या होत्या.

"माझ्या आढ्याखालच्या चटईवर होत्या. तुझ्या पडवीत कोण कोण डोकावतं ते बघत होते मी. मी आधीच मागून नेल्या म्हणून त्या लोकांना मिळाल्या नाहीत. काकांसाठीच ठेवल्या होत्या."

"मग मला सांगायचं नाही?"

"तू विचारलंस कधी? मी दिसले की तुझी टोपली पाठीमागे."

आतून म्हातारा म्हणाला, "भांडण पुरवून खा. आधी माझी पाठ धुवा."

दोघींनी मिळून त्याला अंघोळ घातली. पाठ लाल झाली नाही.

आता प्रत्येक घाण्यातला अर्धा साबण ताराईविनी स्वतःहून उनाइसीच्या आढ्याखाली नेऊन ठेवते आणि अर्धा माझ्या फळ्यांवर मांडते. उनाइसी आली की मी अजूनही तिच्या हातातल्या वड्या मोजते. मित्रांनो, साबण वाळत घातला की त्याला वारा लागू द्या, डब्यात कोंडू नका. आणि संशय घ्यायचे काम आम्हा कपाटांवर सोडा. तुम्ही घरच्या माणसाला एकदा विचारून पाहा.