पाठीतले दोन घास

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. ओव्हनमध्ये भाजलेली अख्खी कोंबडी जिच्यावर ठेवून कापतात ना, ती. माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. जन्मभर आडवं पडून राहायचं आणि वर काय चाललंय त्याकडे कान द्यायचा, याशिवाय दुसरं करणार तरी काय?

एका सुतारानं मला जाड खोडातून कापून काढलं, घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि माझ्या चारही कडांना पन्हळ कोरली. ही कशाला, हे मला काही केल्या कळेना. पहिली कोंबडी माझ्यावर आली, तिचा रस वाहत कडेला गेला आणि पन्हळीत अडला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी ज्या घरी आले तिथे आई, बाबा आणि दोन मुली. सुट्टीच्या दिवशी बाबा सुरी घेऊन उभे राहिले की मुली त्यांना 'सर्जनसाहेब' म्हणायच्या. साहेबही कमी नव्हते. कोंबडी ओव्हनमधून आली की लगेच हात लावू द्यायचे नाहीत. "थांबा, तिला जरा दम खाऊ द्या," म्हणायचे. घाई केली तर सगळा रस माझ्या पन्हळीत आणि ताटात नुसता चोथा! मग ते तंगडी बाहेरच्या बाजूला वाकवायचे, सांधा कट्कन सुटायचा आणि त्यातून सुरी सरकायची. दोन तंगड्या दोघी मुलींना, छातीचे काप बाबांना, आणि उरलेली पाठ आईला.

"मला पाठच आवडते," आई म्हणायची.

हे ऐकून थोरली गुपचूप डोळे पुसायची. आपली आई किती सोसते, असं तिला वाटायचं. पण मित्रांनो, खरं काय ते मला माहीत होतं. कोंबडी माझ्यावर पाठ टेकून निजते. त्या पाठीत, कण्याच्या दोन्ही बाजूंना, मांडीच्या सांध्याजवळ एकेक खळगी असते आणि तिच्यात सुपारीएवढा मांसाचा गोळा. अख्ख्या कोंबडीत इतकं मऊ, रसाळ दुसरं काही नाही! साहेबांची सुरी तिथवर कधी पोहोचलीच नाही. आई मात्र स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अंगठ्यानं ते दोन्ही गोळे अलगद काढायची आणि डोळे मिटून खायची.

पुढे थोरली नोकरीसाठी दूर गेली. अख्खी कोंबडी भाजणं बंद पडलं आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. तेलाचं बोट नाही, फडक्याचा हात नाही. मी वाळले, कडेला चीर गेली. सगळ्यात वाईट म्हणजे घरात काय चाललंय ते धड ऐकूही येईना!

एकदा थोरली सुट्टीवर आली. बाबांचा हात प्लास्टरमध्ये होता. "आज मी कापणार," ती म्हणाली. तिनं मला शोधून काढलं, तेल चोळलं, खाली ओलं फडकं घातलं. बाबा शेजारून सूचना देत होते, ती हूं हूं करत मनासारखं कापत होती. हात चांगला होता पोरीचा. वाढायची वेळ आली तशी तिनं एक तंगडी उचलली आणि थेट आईच्या ताटात ठेवली.

"आजपासून तंगडी आईला. पाठ मी खाणार."

"अगं, राहू दे," आई घाईघाईनं म्हणाली. "मला खरंच पाठ आवडते."

"बास झालं, आई! लहानपणापासून हेच ऐकतेय. आमच्यासाठी जन्मभर हाडं चघळलीस." बाबांनी मान खाली घातली.

आईची पंचाईत झाली. खरं सांगावं तर लेकीचा भरल्या ताटावर पचका, आणि गप्प बसावं तर दोन्ही घास गेले. बिचारीनं मुकाट्यानं तंगडी हातात घेतली.

थोरलीनं पाठ ओढली. चाचपता चाचपता तिचं बोट खळगीत गेलं. गोळा निघाला, तोंडात गेला, आणि तिचं चावणं थांबलं. तिनं हळूच आईकडे पाहिलं. आई तंगडीत अगदी गढून गेली होती.

"काय गं ताई, काय झालं? काय आहे पाठीत?" धाकटीनं विचारलं.

माझा जीव टांगणीला लागला. ही एक शब्द बोलली असती तर पुढच्या वेळी त्या पाठीवर चौघांची झुंबड उडाली असती.

"काही नाही," थोरली म्हणाली. "नुसती हाडं."

उरलेली पाठ माझ्यावर ठेवून ती मला उचलून स्वयंपाकघरात आली. मागोमाग आई.

"आई, किती रडलेय गं मी तुझ्यासाठी!"

"मग मी काय करू? मी दर वेळी खरं तेच सांगत होते. तुम्हालाच पटत नव्हतं."

दोघी तोंडाला पदर आणि ओढणी लावून पोट दुखेपर्यंत हसल्या. मग थोरलीनं दुसऱ्या खळगीतला गोळा काढला आणि आईच्या तोंडात घातला. आईनं डोळे मिटले.

तर मित्रांनो, लाकडी फळीला पाण्यात भिजत ठेवू नका, पुसून उभी ठेवा, अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि घरातलं कुणी "मला हेच आवडतं" म्हणालं, तर लगेच डोळ्यांत पाणी आणू नका. जवळ जाऊन विचारा, "त्यात काय आहे गं?" आणि ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा.