तपासणीच्या दिवशी कुणी येऊ नका

उद्या दवाखान्याची तपासणी आहे, हे सांगताना काउंटरवरच्या मुलीचा चेहरा पार उतरला होता. "मावशी, बाकी सगळं ठीक आहे हो. औषधांच्या तारखा बघितल्या, फ्रीज पुसला. पण ही गर्दी! लोकांना तासन्‌तास बसावं लागतं असा शेरा पडला, तर आपला दवाखाना बंद करून सगळ्यांना हायवेवरच्या मोठ्या केंद्रात पाठवतील."

मोठं केंद्र मी पाहिलंय. तिथे डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघून प्रश्न विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढचा नंबर पुकारतात. आमच्या ह्यांना पक्षाघात झाल्यापासून एकेक शब्द जुळवायला वेळ लागतो. आमच्या डॉक्टरीणबाई पेन खाली ठेवतात, हाताची घडी घालून बसतात आणि ह्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबतात. मी मध्ये तोंड घातलं की माझ्याकडे बोट रोखतात. बाहेर लोक खोळंबतात ते असल्या पेशंटांमुळेच. हा दवाखाना गेला तर ह्यांचं बोलणं ऐकून घेणारं दुसरं होतं कोण?

मी कंबर कसली आणि घरी जाऊन फोन घेऊन बसले. टेलरकाका, शेजारची बाळंतीण, खोकणारे मास्तर, कोपऱ्यावरचा वॉचमन, सगळ्यांना एकच निरोप दिला. "उद्या दवाखान्याकडे फिरकायचं नाही. अगदी मरायला टेकलात तरच या." एरवी माझं घरातलं मांजरसुद्धा ऐकत नाही. पण बाईंसाठी म्हटल्यावर सगळ्यांनी मुकाट्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन मी मात्र गेले. ह्यांची तारीख होतीच, शिवाय एखादा तरी पेशंट दिसायला हवा ना! बाकं रिकामी, फरशी चकचकीत, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येईल एवढी शांतता. मला माझंच कौतुक वाटलं.

तपासणीला आलेल्या बाई उंच होत्या, करड्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या. त्या आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारत होत्या, "सकाळपासून ह्या दोघांशिवाय इथे एकही माणूस आलेला नाही. पेशंटच नसतील तर हा दवाखाना वेगळा ठेवायचा कशासाठी?"

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. सगळी वस्ती अचानक ठणठणीत कशी झाली हे डॉक्टरीणबाईंनाही कळेना. काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती मला पुरती ओळखून आहे.

"मीच सांगितलं सगळ्यांना, येऊ नका म्हणून," मी एका दमात बोलून टाकलं. "गर्दी दिसू नये म्हणून."

तपासणीच्या बाईंनी चष्मा नाकावर घेतला. त्या काही बोलायच्या आधी आमच्या बाईच कडाडल्या. "मास्तरांनापण? अहो, त्यांची छाती आज तपासायची होती! आणि त्या बाळंतिणीचे टाके? आत्ताच्या आत्ता फोन लावा आणि बोलवा सगळ्यांना. तपासणी गेली उडत!"

हे त्या तपासणीवाल्या बाईंच्या तोंडावर! मी भराभर फोन लावले. थोड्याच वेळात बाकं भरली. मास्तर रिक्षातून आले ते अंगात सणसणीत ताप घेऊन. बाईंनी त्यांना सगळ्यांच्या आधी आत घेतलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तपासणीच्या बाई एकेकाशेजारी बसून विचारू लागल्या. आणि आमचे लोक म्हणजे काय सांगावं! टेलरकाका म्हणाले, इथला फोन कधी लागत नाही. वॉचमन म्हणाला, खिडकीजवळच्या बाकाचा पाय मोडलाय, बसलं की माणूस कलंडतो. बाळंतीण म्हणाली, नंबर येईपर्यंत बाळाचे सगळे लंगोट संपतात. मी डोळे वटारून दटावत होते, पण माझ्याकडे कुणी बघेल तर शपथ.

"एवढा त्रास आहे, तर दुसरीकडे का जात नाही?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

टेलरकाकांना तो प्रश्नच कळेना. "दुसरीकडे? छे! तिथे आमच्याशी बोलणार कोण?"

मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "काका, तुमची काही तक्रार?"

"ह्यांची कसली तक्रार हो, हे तर..." मी सुरुवात केली. त्यांनी माझ्याकडे बोट रोखलं, अगदी आमच्या बाई रोखतात तसं. आणि थांबल्या.

ह्यांनी ओठ जुळवले. "डॉक्टर... बाईंची... नाही." मोठा श्वास घेतला. "घरची... आहे."

अख्खा दवाखाना हसला. मीही हसले, पण मनाला लागलंच.

निघताना तपासणीच्या बाई म्हणाल्या, "लेखी नंतर येईल. पण दवाखाना बंद करा असं मी लिहिणार नाही. बाक दुरुस्त करा, फोनसाठी माणूस मिळावा म्हणून मी लिहिते, आणि आठवड्यातून काही दिवस दुसरा डॉक्टरही मागते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि मावशी, पुढच्या तपासणीची व्यवस्था तुम्ही बघू नका." डॉक्टरीणबाई आत जाऊन डोळे पुसून आल्या आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

घरी येऊन मी चहा टाकला. सवयीने साखरेचे दोन चमचे घालणार, तेवढ्यात हात थांबला. खुर्ची ओढून मी ह्यांच्यासमोर हाताची घडी घालून बसले.

"सांगा, घरची काय तक्रार आहे?"

वेळ लागला. चार वेळा माझ्या जिभेवर त्यांचं उत्तर आलं, चारही वेळा गिळलं. चहा उकळून काळा झाला.

"साखर... नको. फार... गोड... लागतं... हल्ली."

"अहो, मग इतके महिने बोलला का नाहीत?"

ह्यांनी माझ्याकडे बोट रोखलं, अगदी डॉक्टरीणबाई रोखतात तसं.