पडलेली झेंडी

मित्रांनो, मी एक जुना रिले आहे. नाव ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर पडू द्या. एकोणीसशे सहासष्ट साली शिरपूरजवळच्या वीज सबस्टेशनात मला उतरवून घेणाऱ्या हमालांनीही मला घड्याळ समजून कानाशी धरलं होतं. काळ्या पत्र्याची पेटी, पुढे काच, आत ॲल्युमिनियमच्या तीन चकत्या, एवढाच माझा संसार.

माझं काम साधं. बिघाड झाला की लाईन तोडायची आणि बिघाड कसला ते सांगायचं. केळीच्या बागांकडे जाणाऱ्या विजेचा अगदी बारीकसा हिस्सा माझ्यातून फिरायचा. ती बेतात असली की माझ्या चकत्या गप्प. बेताबाहेर गेली की चकती फिरे, अंगणातला ब्रेकर, म्हणजे मोठा स्विच, धाडकन उघडे आणि सगळ्या पट्ट्याची वीज बंद. त्याच क्षणी माझ्या काचेआड एक लाल झेंडी पडे. दोन झेंड्या तारांच्या होत्या; वाऱ्याने तारा एकमेकींना लागल्या की त्या पडत. तिसरी जमिनीची. ती पडली म्हणजे वीज कुठेतरी मातीत उतरते आहे, बहुधा तार तुटून खाली आली आहे, असं समजायचं.

काचेखालची खुंटी दाबली की झेंडी वर जाई आणि मी सांगितलेलं सगळं पुसलं जाई. म्हणून आमचे मुख्य ऑपरेटर चुडामण नाना यांचा एक दंडक होता. लाईन पडली, म्हणजे बंद झाली, की आधी हात पाठीमागे बांधायचे. एकाने झेंडी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती वेळेसकट वहीत लिहायची, मगच खुंटीला बोट लावायचं. खोलीत एकटा असेल त्यानेही मोठ्यानेच वाचायचं, भिंतीने ऐकलं तरी चालेल. लोक नानांना हसत. मला मात्र ते फार आवडत.

वर्षातून एकदा टेस्टिंगवाले साहेब येत, ब्रशने माझी धूळ झाडत आणि "अजून खणखणीत आहे" म्हणत. बाकी वर्षभर शिव्याच. लाईन बंद झाली की सारे माझ्यावर खापर फोडत, जणू तार मीच तोडली! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

एकोणसत्तरच्या मे महिन्यात एका दुपारी अडीच वाजता माझी जमिनीची चकती फिरली. ब्रेकर उघडला, झेंडी पडली. नाना जेवायला क्वार्टरमध्ये गेले होते. खोलीत एकटा अभिमन होता. कच्चा नव्हता तो. दोन लेकरांचा बाप, सहा वर्षांचा जाणता ऑपरेटर. पण फोन खणखणला. तेलमिलवाले हस्तीमल शेठ बोलत होते, "अभिमनभाई, घाण्यात सरकी अडकली, आता दगड होईल तिचा. लवकर द्या ना!" दारात चार शेतकरी येऊन उभे राहिले. "भाऊ, अर्धी बागमा पानी पोचनं आनि लाईन गयी. चढाड ना!"

अभिमनने एका हाताने फोन कानाशी धरला आणि दुसऱ्या हाताने खुंटी दाबली. वाचलं नाही, लिहिलं नाही. वाऱ्याचे दिवस, तारा लागल्या असतील, असं त्याने गृहीत धरलं. पुढचं पाठ, मागचं सपाट! त्याने ब्रेकर चढवून लाईन चालू केली.

मला भयंकर राग आला. पण मला तोंड नाही, झेंडी आहे. मी चकती पुन्हा फिरवली, ब्रेकर पुन्हा पाडला, तीच झेंडी पुन्हा टाकली. अभिमनचं बोट पुन्हा खुंटीकडे येऊ लागलं. हा शंभरदा चढवील तर मी शंभरदा पाडीन, असं मी ठरवलं. पण चढवलं की क्षणभर का होईना तारेत वीज जातेच, आणि त्या क्षणी तारेपाशी कोण आहे ते मला दिसत नव्हतं. मला भीती वाटली.

"हात मांगे ले!" नाना दारातून ओरडले. ब्रेकरचा दुसरा आवाज ऐकून ते खरकट्या हाताने धावत आले होते. "पहिले कोनती झेंडी पडनी व्हती?"

"ध्यानमा नही, नाना."

"वहीमा?"

वहीत काही नव्हतं. नानांनी काचेला नाक लावलं आणि मोठ्याने वाचलं, "जमीन." मग फोन घेतला. "तार पडेल शे, शेठ. मानूस देखी येस तवलोंग लाईन नही." माणूस तार पाहून येईपर्यंत वीज नाही, हे ऐकून शेतकऱ्यांनी गलका केला. नानांनी ब्रेकरला कुलूप लावलं आणि किल्ली लाईनमन पुनाच्या खिशात घातली. तो परत आल्याशिवाय आता नानांनाही लाईन चढवता येणार नव्हती. पुना सायकलवर टांग टाकून निघाला.

तासाभराने त्याने येऊन सांगितलं ते असं. तार बेबाबाई नावाच्या शेतकरणीच्या केळीत, ओल्या सरीत पडली होती. घड कापणाऱ्या अकरा बाया बांधावर बसल्या होत्या. विहिरीवरची मोटार थांबली, म्हणजे तार मेली, असं समजून त्या उठून कामाला निघाल्या. बेबाबाईंचा बैल सगळ्यांच्या पुढे होता. अभिमनने चढवलेली वीज त्याने अंगावर घेतली. मी लाईन तोडताच बाया बैलाकडे धावल्या होत्या, आणि अभिमनचं बोट पुन्हा खुंटीकडे वळलं तेव्हा त्या साऱ्या जणी त्या बैलाला धरून तारेपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बेबाबाई सबस्टेशनात आल्या. डोळे सुजलेले. "लाईन परत का बर उनी, भाऊ?"

रिले बिघडला, एवढे दोन शब्द अभिमनला पुरले असते. मला तर ते खोटं पाडता आलं नसतं. पहिल्या झेंडीचा पुरावा अभिमननेच पुसला होता. नानांनी वही त्याच्यापुढे सरकवली. अभिमन लिहू लागला.

बेबाबाईंना वाचता येत नव्हतं. "माले वाची दाखाड," त्या म्हणाल्या.

त्याने उभं राहून वाचलं. "अडीच वाजता लाईन पडली. झेंडी मी वाचली नाही. तशीच उचलून लाईन चढवली. त्यामुळे बेबाबाईंचा बैल मेला. अभिमन."

बाईंनी पदराने डोळे पुसले. "ऱ्हाऊ दे ते तसंच. खोडू नको."

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा रिले बसला आहे आणि मी कपाटात धूळ खातो. त्याचं वाईट वाटतं, पण चालायचंच. तुम्हाला एवढंच सांगणं आहे की कुठलंही यंत्र थांबलं तर त्याच्यावर चिडू नका आणि ते घाईने सुरूही करू नका. ते का थांबलं, हे आधी लिहून घ्या. चूक आपली असेल तर तीसुद्धा लिहा, आणि ते पान फाडू नका.

नाना निवृत्त झाले. आता मुख्य ऑपरेटर अभिमन आहे. नवा माणूस कामावर आला की तो त्याला आधी ब्रेकर दाखवत नाही. ती जुनी वही उघडतो, हात पाठीमागे बांधतो आणि स्वतःचं ते पान मोठ्याने वाचतो.